दोन फूट पाच इंच

२०२३ च्या दिवाळीआधी, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, सासूबाई चकलीचं पीठ मळताना पाटावरून घसरल्या. हा पाट म्हणजे आमच्या ओट्यापुढचा पाट. ओटा दोन फूट दहा इंच उंच आणि त्या चार फूट नऊ इंच. कोथरूडच्या या सोसायटीत त्या १९८८ साली राहायला आल्या, तेव्हा बिल्डरने सगळ्या फ्लॅटना एकाच मापाचे ओटे करून दिले होते. तेव्हापासून कणीक मळायची झाली की त्या तो सागवानी पाट पायाने पुढे ओढायच्या, त्यावर चढायच्या आणि मग परातीला हात लावायच्या. पाटाची उजवी कड झिजून पार गुळगुळीत झाली होती. तिथे त्यांचा अंगठा टेकायचा. त्या दिवशी तिथेच मोहनाचं तेल सांडलं होतं.

डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

स्वयंपाकघराचं काम काढू या, असं आम्ही चार-पाच वर्षं म्हणतच होतो. ओट्यावरचा कडप्पा ठिकठिकाणी पांढुरका झाला होता. कडप्पा हा चुनखडीच्या जातीचा दगड, लिंबाचा किंवा चिंचेचा थेंब पडला की तो डाग कायमचा धरतो, आणि पस्तीस वर्षांत आमच्या ओट्यावर किती लिंबं कापली गेली असतील! भिंतीला पांढऱ्या चौकोनी टाइल्स होत्या त्याही दोनच फुटांपर्यंत, वरच्या भिंतीवर फोडणीचं तेल बसून रंग पिवळा पडलेला. खालच्या मजल्यावरचे काका दोन पावसाळे सांगत होते की तुमच्या मोरीखाली आमच्या छताला ओल दिसते. आईंचा हात प्लास्टरमध्ये असताना स्वयंपाकघर पूर्णपणे माझ्या हातात आलं आणि एके रात्री मी नवऱ्याला म्हटलं, आता करूनच टाकू.

मी पतसंस्थेत हिशेबाचं काम बघते. पैशाचा विषय आला की मला आधी वही लागते. लाल पुठ्ठ्याची शंभर पानी वही आणली, पहिल्या पानावर 'श्री' लिहिलं, खाली तारीख आणि त्याखाली अंदाज. तो जसाच्या तसा देते, कारण असं काम काढणाऱ्यांना दुसऱ्याचे आकडे फार उपयोगी पडतात आणि ते सहसा कुणी सांगत नाही. फोडाफोड आणि राडारोडा ९,०००. प्लंबिंग १४,०००. वायरिंग ९,०००. ओट्याचा ग्रॅनाइट, त्याला खालून आधार देणारे उभे कडप्पे, मजुरी धरून २४,०००. भिंतीच्या आणि जमिनीच्या टाइल्स, बसवण्यासकट ३२,०००. सिंक आणि नळ ९,०००. ट्रॉल्या ६२,०००. रंग ६,०००. 'इतर' म्हणून १०,०००. एकूण १,७५,०००. आमच्या दोन आवर्ती ठेवी डिसेंबरात पिकत होत्या, त्यांची रक्कम एवढीच होती. खोली आठ बाय नऊ, म्हणजे ७२ चौरस फूट. एवढ्याशा खोलीला एवढे पैसे पुरायला हवेत, असं मला मनापासून वाटलं.

आता ते पान उघडलं की सगळ्यात आधी ट्रॉल्यांची ओळ डोळ्यात भरते. एक तृतीयांशाहून जास्त पैसे त्या एका ओळीवर. आणि ज्या कारणाने काम निघालं ते कारण त्या पानावर कुठेच नाही. ग्रॅनाइटचा रंग कोणता, त्याच्या कडेला गोल मोल्डिंग की सरळ, शटरना चकचकीत लॅमिनेट की मॅट, यावर आम्ही तीन संध्याकाळी घालवल्या. ओटा किती उंच हे एकदाही बोललो नाही. तो दोन फूट दहाच असतो, असंच आम्ही धरून चाललो होतो. आईही काही बोलल्या नाहीत. त्या हात गळ्यात अडकवून बाजूला बसायच्या आणि रंगाच्या पट्ट्यांवर बोट ठेवून "हा बरा आहे" म्हणायच्या.

खरेदीसाठी आम्ही दोघं तीन-चार रविवार फिरलो. ग्रॅनाइटसाठी कात्रज-कोंढवा रस्त्याला गेलो. तिथे लाद्या उभ्या करून ठेवलेल्या असतात, पाणी मारलं की कुठलाही दगड सुंदर दिसतो. शेजारच्या वहिनींनी आम्हाला एक शिकवून पाठवलं होतं, ते फार कामी आलं: पांढरं फडकं थिनरमध्ये बुडवून काळ्या दगडावर घासायचं. काळं उतरलं तर दगडाला रंग दिलेला आहे. दुसऱ्या दुकानात फडकं काळं झालं. दुकानदार काही बोलला नाही, आम्हीही नाही, नमस्कार करून बाहेर आलो. शेवटी घेतला तो सोनेरी ठिपक्यांचा ब्लॅक गॅलेक्सी नव्हता, तो आंध्रातल्या चिमाकुर्तीहून येतो आणि भाव त्याप्रमाणे असतो. आम्ही साधा काळा घेतला. लादी अख्खी घ्यावी लागते आणि कापून उरलेला तुकडाही आपल्याच बिलात येतो, हे मोजतानाच लक्षात ठेवावं. आमच्या उरलेल्या तुकड्याचं काय झालं ते पुढे येईलच.

टाइल्स मोरबीच्या. पुण्यातल्या दुकानात गुजरातेतल्या त्या एका गावाचाच माल जिकडेतिकडे. दहा टक्के जास्त घ्या, कापण्यात फुटतात, असं सगळे सांगतात ते खरं आहे. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळ्या खोक्यांवरचा बॅच नंबर एकच आहे ना ते बघावं. नंतर दोन खोकी कमी पडून पुन्हा आणायला गेलात तर नंबर बदललेला असतो आणि तोच पांढरा वेगळा पांढरा निघतो.

स्टीलच्या ट्रॉल्यांच्या बाबतीत मात्र मला मनस्ताप झाला. एका दुकानात विक्रेत्याने खिशातून चुंबक काढलं, जाळीला लावलं, ते चिकटलं नाही. "बघा, ३०४ ग्रेड." मी तेव्हा मान डोलावली. घरी येऊन भाच्याला विचारलं, तो कारखान्यात गुणवत्ता तपासणीला आहे. तो म्हणाला, मावशी, २०२ लाही चुंबक चिकटत नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, म्हणून ते स्वस्त आणि ओलाव्यात लवकर डाग धरतं. चुंबकावरून हा फरक कळत नाही. बिलावर ग्रेड लिहून घे, तेवढंच आपल्या हातात आहे. प्लायवूडचंही तसंच. 'वॉटरप्रूफ' हा शब्द कुणीही म्हणतो. पाण्याजवळच्या कामाला आयएसआय चिन्हाच्या वर ७१० हा आकडा छापलेला असावा. ३०३ वालं प्लायही घरात चालतं, पण सिंकखालच्या कपाटाला नको.

हे सगळं मी इतक्या तपशिलाने सांगते आहे, कारण या गोष्टी कळेपर्यंत मला दोन महिने लागले आणि त्या कुठल्याही कोटेशनमध्ये लिहिलेल्या नव्हत्या.

काम ८ जानेवारी २०२४ ला सुरू झालं. गॅलरीत इंडक्शनची शेगडी, चहाची भांडी, एक कुकर आणि पाण्याचा पिंप एवढा संसार मांडला. बाकी सगळं खोक्यांत घालून पलंगाखाली.

पहिल्या दोन दिवसांत माझे आकडे ढासळायला लागले. आमची इमारत तीन मजली, लिफ्ट नाही, आम्ही दुसऱ्यावर. राडारोड्याच्या गोण्या खाली न्यायच्या तर दर गोणीमागे मजुरी, आणि मजल्यागणिक ती वाढते. मी एका टेंपोचा हिशेब धरला होता, दोन लागले. कुणीतरी सुचवलं की रात्री नदीकडेला नेऊन टाकतात, स्वस्तात होतं. मुठेच्या काठाला पडलेले विटांचे आणि टाइल्सचे ढीग मी रोज बसमधून बघते. बांधकामाच्या राडारोड्यासाठी २०१६ पासून वेगळे नियम आहेत, तो वेगळा ठेवून नेमून दिलेल्या जागीच द्यायचा असतो. नियम नसता तरी मी नदीत टाकू दिला नसता. ३,५०० रुपये जास्त गेले आणि त्या ३,५०० चं मला एका क्षणासाठीही वाईट वाटलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी प्लंबरने सिंकची जुनी लाइन कापली आणि तो तुकडा माझ्या हातात दिला. जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप, बाहेरून धड दिसणारा. आत गंजाचे तांबडे थर एकावर एक बसून मधलं भोक एवढंसं राहिलं होतं की शिसपेन्सिल जेमतेम गेली असती. माझ्या बोटांना तो गंज लागला, ओलसर, रवाळ. आम्ही पस्तीस वर्षं त्यातलं पाणी प्यायलो. नळाला धार बारीक येते म्हणून मी दरवर्षी नळाची जाळी साफ करत होते. सिंकपुरतीच लाइन बदलायची असं ठरलं होतं, पण आता गॅलरीतल्या मुख्य लाइनपर्यंत सगळा सीपीव्हीसी, म्हणजे न गंजणारा प्लास्टिकचा पाइप, घालणं भाग होतं. १४,००० चे २३,५०० झाले.

मोरीजवळची फरशी उचलली, तेव्हा खालचा कोबा काळा आणि ओला निघाला. गवंडीमामांनी मूठभर उकरून दाखवला, हाताला चिखलासारखा लागला. खालच्या काकांचं छत आमच्यामुळेच ओलं होतं. नहाणी ट्रॅपची, म्हणजे मोरीतलं पाणी ज्यातून वाहून जातं त्या जाळीखालच्या भांड्याची, कड फुटलेली, पाणी वर्षानुवर्षं तिथून मुरत होतं. वॉटरप्रूफिंग माझ्या वहीत नव्हतंच. नवा ट्रॅप, नवा कोबा, त्यावर केमिकलचे दोन हात, आणि मग दोन दिवस पाणी भरून ठेवून खाली जाऊन छताकडे बघत बसायचं, अशी सगळी रीत. ११,००० रुपये. नवरा म्हणाला, नुसता ट्रॅप बदलू, बाकी नंतर. मी नाही म्हटलं. वरून नवी टाइल बसल्यावर 'नंतर' म्हणजे ती टाइल फोडणं.

'इतर' मधले दहा हजार बुधवारीच संपले होते. ज्या कामात भिंत आणि जमीन उघडायची असते तिथे पंधरा टक्क्यांच्या खाली हातचा राखूच नये, हे मी आता कुणालाही सांगते. आणि इमारत तीस वर्षांपलीकडची असेल तर वीस.

त्या रात्री वही घेऊन मी गॅलरीत बसले होते, तेव्हा ट्रॉल्यांच्या दुकानातून फोन आला, उचल कधी देताय म्हणून. बोलता बोलता तो म्हणाला, बासष्ट हजार अधिक जीएसटी. अठरा टक्के. कोटेशनच्या कागदावर खाली बारीक अक्षरात होतं म्हणे. कागद काढून बघितला, होतं. ११,१६० रुपये. मी रोज दुसऱ्यांचे हिशेब तपासते आणि ती ओळ माझ्या नजरेतून सुटली, याने मला रात्रभर झोप लागली नाही. टाइल्सच्या आणि नळांच्या बिलात कर धरूनच भाव होता, म्हणून इथेही तसाच असेल असं मी मनाने ठरवून टाकलं होतं.

शुक्रवारी सकाळी गवंडीमामा ओट्याची रेघ मारायला आले. नळीत पाणी भरून लेव्हल काढली, भिंतीवर दोन खुणा केल्या, आणि दोरीला निळ लावून रेघ ओढणार तेवढ्यात त्यांनी मला विचारलं, "वहिनी, ओट्यावर काम कोण करतं?"

मी म्हटलं, आम्ही दोघी. भाजी-आमटी मी, कणीक आणि पोळ्यांचं आईंचं. हात मोडल्यापासून दोन महिने मीच.

"मग आजींना बोलवा."

आईंचं प्लास्टर डिसेंबरात निघालं होतं. फिजिओथेरपीच्या ताईंनी रोज सैलसर कणकेचा गोळा दाबायला सांगितलं होतं, त्यामुळे त्या तशाही सकाळी परात घेऊन बसायच्याच. त्या आल्या. धुळीत उभ्या राहिल्या. मामांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं आणि काही न बोलता कोपऱ्यातल्या विटा रचायला घेतल्या. दोन खांब, त्यावर प्लायचा तुकडा, त्यावर माझी सुती साडी चौघडी करून. "आजी, परात आणा. मळून दाखवा."

आईंना संकोच वाटला. एवढ्या माणसांत, पायात चपला, डोक्यावर धूळ. पण त्यांनी पीठ घेतलं, पाणी घातलं, आणि मळायला लागल्या. मामा खाली बसून त्यांच्या कोपराकडे बघत होते. खांदे वर चढले की ते "थांबा" म्हणायचे, दोन्हीकडची एक एक वीट काढायचे आणि प्लाय परत ठेवायचे. मग फार खाली गेलं, आईंना वाकावं लागलं, तेव्हा विटेच्या जागी टाइलचे तुकडे एकावर एक घातले. पाच वेळा तरी असं झालं असेल. पाचव्या वेळी आईंचे हात कोपरापासून सरळ परातीत गेले आणि त्यांच्या अंगाचा भार आपोआप तळहातांवर आला. मला ते दिसलं. इतकी वर्षं मी त्यांना कणीक मळताना बघत होते, ती दंडांच्या जोरावर, पाटावर तोल सांभाळत. आता कणीक पाठीने मळली जात होती. त्या थांबल्या, परातीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, माहेरी खाली बसून मळायचे, तेव्हा अशी मळली जायची."

मामांनी टेप लावली. दोन फूट पाच इंच.

बिल्डरच्या मापापेक्षा पाच इंच कमी. माझी उंची पाच फूट चार इंच, मला दोन फूट दहा बरोबर बसतो. दोघींना चालेल असं मधलं माप काढावं असं नवरा म्हणाला. मामा म्हणाले, मधलं काढलं तर दोघींचीही पाठ दुखेल. आमचा ओटा काटकोनात आहे. एका भिंतीला नऊ फूट, दुसरीला पाच. लांबीचा भाग गॅस आणि सिंकचा, तो वहिनींच्या मापाने. छोटा भाग खिडकीखालचा, तो आजींच्या मापाने. मध्ये पाच इंचांची पायरी.

मी लगेच ट्रॉल्यांच्या दुकानात फोन लावला. छोट्या भागाच्या ट्रॉल्या वेगळ्या उंचीच्या म्हणजे ठरल्या मापाच्या नाहीत, खास करून घ्याव्या लागतील, आणखी साडेसहा हजार, अधिक जीएसटी. मी फोन ठेवला आणि खरंच डोळ्यांत पाणी आलं. पैसे संपलेले. आई म्हणाल्या, "राहू दे गं. पाट आहे की." एवढं बोलून त्या परात उचलून आत गेल्या. त्या वाक्याने मला जे वाटलं ते लिहिता येत नाही.

मामा हात धुऊन आले. म्हणाले, "वहिनी, त्या भागाखाली ट्रॉल्या लावताच कशाला? मोकळं सोडा. आजी खुर्ची घेऊन बसतील. गुडघे आत जायला जागा पाहिजे ना."

आम्ही तिघं गप्प झालो. मी वही उघडली. छोट्या भागाच्या ट्रॉल्या वजा केल्या तर बासष्टचे पंचेचाळीस हजार. त्यावर अठरा टक्के ८,१००. एकूण ५३,१००. मूळ अंदाजापेक्षा ८,९०० कमी, करासकट. पायरीच्या उभ्या पट्टीला लादीतला उरलेला तुकडा पुरला. फक्त जास्तीची कड, एक जास्तीचा उभा कडप्पा आणि मजुरी मिळून ३,००० वाढले. सगळ्या कामात हा एकच बदल असा होता ज्याने घरातल्या माणसाला सुख झालं आणि खर्चही कमी झाला, आणि तो आम्हा शिकलेल्या माणसांच्या वहीत नव्हता.

मुलगी नागपूरला आर्किटेक्चर शिकते. तिला रात्री फोनवर सांगितलं तर ती एकदम उत्साहाने बोलायला लागली. १९२६ साली जर्मनीत फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की नावाच्या बाईंनी एक छोटं स्वयंपाकघर आखलं होतं. १.९ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब. मी मनात हिशेब केला, जवळपास सत्तर चौरस फूट, आमच्याएवढंच. काम करणारी बाई किती पावलं चालते, किती वेळ उभी राहते याचा विचार करून त्यांनी एकेक वस्तूची जागा ठरवली. आणि खिडकीपाशी बसून काम करायला टेबल ठेवलं, त्याला फिरतं स्टूल. आपल्याकडे सगळी त्याचीच नक्कल झाली, मुलगी म्हणाली, कपाटं आली, सलग ओटा आला, पण स्टूल तेवढं यायचं राहिलं. मला ते फार पटलं. आपल्या आज्या बसूनच रांधायच्या, चूल जमिनीवर, विळी जमिनीवर. गॅस आला, आपण त्यांना उभं केलं आणि त्याला सोय म्हटलं. उभं राहणं सोयीचं आहेच, गुडघे दुखणाऱ्या बाईला जमिनीवरून उठायला सांगणं क्रूरपणाचं आहे. पण उभं राहणं आणि जमिनीवर बसणं यांच्यामध्ये खुर्चीवर बसणं नावाची एक गोष्ट असते.

बाकीचं काम ठरल्यासारखं पार पडलं. वायरिंगमध्ये फ्रिज, मिक्सर आणि शेगडीला १६ अँपिअरचे वेगळे पॉइंट घेतले, अर्थिंग नव्याने केलं. सिलिंडर पूर्वीसारखा ओट्याखालीच, पण जाळीच्या दारामागे, म्हणजे हवा खेळती राहते. संक्रांत मध्येच आली, तिळगूळ विकतचा. २६ जानेवारीला ओटा वापरायला मिळाला, ट्रॉल्या फेब्रुवारीच्या मध्यावर आल्या, तोवर भांडी खोक्यांतच.

शेवटची एक ओळ मी वहीत सगळ्यात उशिरा लिहिली. १९ दिवस आम्ही तिघं दोन्ही वेळचा डबा आणत होतो. ८० रुपये डबा, दिवसाचे सहा. ९,१२० रुपये. रोज ४८० सुटे द्यायचे म्हणून तो खर्च वाटतच नव्हता. एकूण बेरीज १,९२,२२० वर गेली, म्हणजे ठरल्यापेक्षा १७,२२० जास्त. त्यासाठी एक छोटी ठेव मुदतीआधी मोडली. चिमणी घ्यायची होती ती घेतली नाही, खिडकीत वीस वर्षांपूर्वीचा एक्झॉस्ट पंखा आहे, तो उघडून धुऊन परत लावला, चांगला चालतो. जुन्या पितळी तोट्या आणि लोखंडी पाइप भंगारात दिले, त्याचे १,८४० आले. ते हिशेबात धरलेले नाहीत, ते मी आईंना दिले. त्यांनी एक तोटी मात्र द्यायची नाही म्हणून काढून ठेवली. १९८८ मध्ये सासऱ्यांनी स्वतः आणलेली होती.

सप्टेंबरात गणपती आले. मोदकाची उकड काढली आणि आई खिडकीखाली खुर्ची ओढून बसल्या, गुडघे ओट्याखाली, पुढ्यात परात. उकड गरम असतानाच मळावी लागते, गार झाली की पारीला चिरा पडतात. मी तेलापाण्याची वाटी त्यांच्या उजव्या हाताशी ठेवली. त्या बोटं बुडवत, फुंकर घालत, तळहाताच्या टाचेने उकड रगडत होत्या. डाव्या मनगटाला अजून थंडीत ठणका लागतो, पण त्या दिवशी दोन्ही हात चालत होते. एकवीस मोदक झाले, त्यांच्या हातचे, सगळे अकरा कळ्यांचे.

गणपतीच्या बैठकीसाठी नवऱ्याने तो सागवानी पाट धुऊन पुसून आणला होता. आईंनी ठेवू दिला नाही. पस्तीस वर्षं पाय दिलेला पाट देवाला कसा चालेल, म्हणाल्या. तो आता ओट्याच्या लांब बाजूला भिंतीशी उभा असतो. वरच्या कपाटाच्या सगळ्यात उंच फळीवर मी हळद-तिखटाचे वर्षाचे डबे ठेवले आहेत, ते काढायला मला दोन-तीन इंच कमी पडतात. मग मी तो आडवा करते आणि त्यावर चढते. झिजलेल्या कडेवर माझा अंगठा बरोबर बसतो. आई खुर्चीतून दर वेळी सांगतात, "आधी तेल पडलंय का बघ."